शिवाजीनगरची कत्तरी

घरात कुणी कात्री मागितली की बंगळूरच्या शिवाजीनगरातली ती तिजोरी मला आजही आठवते. साठच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो.

एका सराफाच्या दुकानात चोरी झाली. गिऱ्हाइकांनी विश्वासाने ठेवलेले दागिने गेले. तिजोरीचे दार शाबूत होते. मागचा पत्रा मात्र कापलेला. करवतीची, छिन्नीची खूण कुठेच नाही. कडा वितळलेल्या आणि फरशीवर लोखंडाचे गोठलेले थेंब. हे गॅसच्या ज्योतीचे काम, हे मी पंचनाम्याच्या वेळीच ओळखले. तिजोरी मागून कापली हे बाहेर फुटता कामा नये, अशी मी सराफाला आणि पंचांना तंबी दिली.

दुसऱ्या दिवशी आमचा खबऱ्या, हॉटेलातला एक वाढपी, हवालदाराच्या कानाला लागला. "कत्तरी अण्णाचं काम आहे." झाले! आमच्या बंगळुरी मराठीत कत्तरी म्हणजे कात्री. हवालदाराने तडक सराफाच्या ओसरीवर मशीन घेऊन बसणारा शिंपी उचलून आणला, त्याची कात्री जप्त केली आणि ज्योतवाल्या साथीदाराचे नाव सांग म्हणून दरडावायला सुरुवात केली.

शिंपी रडकुंडीला आला. "साहेब, माझी कत्तरी कापड कापते हो. चोर ठरलो तर मला ओसरीवर कोण बसू देईल?" त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मला दोघांची कणव आली. पण कणव आली म्हणून कुणाला सोडता येत नाही, पुरावा लागतो.

मी खबऱ्याला बोलावून एकच विचारले, "कत्तरी म्हणजे काय रे?"

तो हसला. "वर्कशॉपातली लोखंड कापायची गॅसची बत्ती, साहेब! आमच्या गल्लीत तिलाच कत्तरी म्हणतात. ती चालवतो तो कत्तरी अण्णा. शिंप्याचं नाव मी कधी घेतलं?"

त्या कारागिराला आणले. गडी पक्का, ताकास तूर लागू देईना. शेवटी मी शिंप्याची कात्री टेबलावर ठेवली. "जा तू घरी. आमचे हवालदार म्हणतात, तिजोरी हिनेच कापली."

आपल्या हुन्नराचा हा अपमान त्याला सोसवला नाही. "स्वल्प विचार करा, साहेब! मागचा एवढा जाड पत्रा हिच्यानं कापतो होय?"

"मागचा?" मी विचारले.

त्याचा चेहरा उतरला. दागिने त्याच्याच वर्कशॉपच्या भंगारातून निघाले.

खोटे बोलताना माणूस सावध असतो, आपल्या कामाबद्दल बोलताना नसतो, हे मला तिथे कळले. आणि खबऱ्याकडून शब्द घेतला की त्याचा अर्थही त्याच्याच तोंडून घ्यायचा, हा पुढे माझ्या प्रत्येक ठाण्याचा नियम झाला.

शिंप्याला न्यायला सराफ स्वतः आला. मी कात्री परत केली. शिंप्याने पाती उघडून अंगठ्याने चाचपली आणि हवालदाराकडे पाहिले. "हिनं कागद कापलात ना? धार गेली की हो!"

हवालदार पंचनाम्याची चळत उचलून गुपचूप आत गेला.