टेस्टर काय पेटेना!

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडंल. मी जे करून ठेवलंय, ते ऐकल्यावर मला वायरमन म्हणायचं का न्हाय, हे तुमीच ठरवा.

पस्तीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात वायरमन होतो. मागांची सगळी लाइन माझ्या हाताखाली. पस्तीस वर्षांत एक शॉक न्हाय! मालक म्हणायचे, करंट ह्याला घाबरतो. रिटायर झालो तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोयच. एक वेळ चष्मा नसंल.

तर झालं काय, आमची मंगल, म्हंजे बायको, बार्शीला थोरल्या बहिणीला बघून आली. ताईंनी दारातच विचारलं, "तू कुणाची गं?" सख्ख्या बहिणीला! घरी आल्यावर दोन दिवस धड जेवली न्हाय. मग तिला कुणीतरी सांगितलं, हितं सोलापुरातच एक डॉक्टर मॅडम हायत, सुया टोचून त्यात करंट सोडतात. आठवण शाबूत राहावी म्हणून, आजाराच्या आधीच. वर पोटबी सुधारतं म्हणे.

"आजार न्हाय तर औषध कशाला?" मी म्हणालो.

"आजार झाल्यावर जायचं मला आठवंल का, अहो?"

खरं सांगू, भीती मलाबी होती. उद्या हिनं मलाच विचारलं, 'तुमी कोण?' तर? पण मला भीती वाटली की संशय येतो, ही माझी जुनी खोड.

गेलो दोघं. मॅडम वयानं आमच्या लेकीएवढ्या.

"पोट आणि मेंदू एकमेकांशी बोलत असतात, काका. यावर अभ्यास चालू आहेत. पण मी खात्री देत नाही हं."

खात्री न्हाय! झालं, माझा संशय दुप्पट. अन् सुई कुठं, तर गुडघ्याखाली!

"डोक्यातला फॉल्ट अन् खोदाई पायात? आमचा पंखा बंद पडला तर मी शेजारच्याचा बोर्ड खोलतो व्हय?"

"एकदा स्वतः घेऊन बघा ना, काका."

"बघतोच की!"

तीन खाटा. एकीवर मंगल, मधल्या खाटेवर मी, पलीकडं आमच्या पेठेतल्या पद्माक्का, विणकराच्या घरातल्या. प्रत्येकाच्या उशाला डब्याएवढं मशीन. मॅडमनी सुया टोचल्या, त्यांना मशीनचे चिमटे लावले, त्या दोघींची बटनं फिरवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जाताना मला काहीतरी सांगून गेल्या, पण माझं ध्यान कुठं? वायरीवर! मशीन ठेवलेल्या टेबलामागनं एक वायर भिंतीवर चढली होती, पार बोर्डापर्यंत. अन् बोर्डावरचं बटन?

बंद!

"मंगल, तुला काय जाणवतंय?"

"मुंग्या आल्यासारखं. टिक टिक होतंय."

"भास हाय तुझा!"

काढला टेस्टर. माझ्या चिमट्याला लावला, पेटला न्हाय. हात लांब करून मंगलच्या चिमट्याला लावला, तितंबी अंधार!

"पद्माक्का, उठा! मशीन बंद हाय! फसवणूक हाय ही!"

"अय्यो! मग महिनाभर मी नुसतीच पडून गेले का काय?" पद्माक्कांनी धसक्यानं चिमटे, सुया सगळं काढूनच टाकलं.

"अहो, मॅडमना येऊ द्या की," मंगल म्हणाली. "मला खरंच जाणवतंय."

"मी वायरमन का तू? ह्यात करंट निघाला तर कोर्सभर मीबी हितं येऊन झोपीन! न्हाय निघाला तर आत्ता घरी, अन् परत नाव काढायचं न्हाय!"

तिचं तोंड एवढंसं झालं. बिचारीला कुठंतरी आधार सापडला होता, अन् मी त्योबी काढून घ्यायला निघालेलो. पण मी कुठला थांबतोय!

"हे बघा बटन! शून्यावर काय अन् शेवटाला काय, सारखंच!" असं म्हणालो अन् माझ्या मशीनचं बटन गरकन् शेवटपर्यंत फिरवलं.

आईशप्पथ सांगतो, पाय माझा राहिलाच न्हाय! उडाला त्यो थेट पायथ्याच्या स्टुलावर. स्टूल आडवं, वरचा कापसाचा डबा छताला! लाथांवर लाथा, मी काय थांबवू शकेना. अन् ओरडतोय काय?

"मेलो! मेन पाडा! मेन पाडा!"

पद्माक्का धावल्या अन् बोर्डावरचं ते बंद बटन त्यांनी दाबलं. ते होतं टेबलफॅनचं! फॅन लागला फुल्ल, सगळा कापूस खोलीभर. पाय चालूच!

शेवटी मंगलनं पडल्या पडल्या हात लांब केला अन् माझ्या मशीनचं बटन शून्यावर आणलं. जिनं उभ्या जन्मात घरात बल्ब बदललेला न्हाय, तिनं! मग पाय गप पडला.

मॅडम धावत आल्या. मशीन उलटं केलं, मागचं झाकण उघडून दाखवलं. आत सेल!

"काका, हे सेलवर चालतं. तुमचं मी अजून सुरूच केलं नव्हतं. सांगून गेले होते ना?"

सेलवर टेस्टर पेटत न्हाय, हे मी कारखान्यात किती पोरांना शिकवलं असंल! अन् सप्लाय कुठनं येतोय ते आधी बघा, हेबी मीच सांगायचो. पस्तीस वर्षं मोठी लाइन हाताळून मला शॉक दिला कुणी? टीव्हीच्या रिमोटात घालतात तसल्या सेलनं!

मंगल खाटेवर पोट धरून हसत होती. बार्शीहून आल्यापास्नं पहिल्यांदाच. मला लाज वाटत होती अन् लई बरंबी वाटत होतं.

शब्द दिला होता, कोर्स पुरा केला. सुयांनी काय फरक पडला, देव जाणे. माझा संशय अजून हायच. पण मंगलची आठवण एकदम पक्की हाय, ह्याचा पुरावा मला रोज मिळतोय. गल्लीत, लग्नात, बार्शीच्या एस्टीत, जो भेटंल त्याला ती हा किस्सा सांगते. किती लाथा मारल्या, कुठल्या क्रमानं, कितव्या लाथेला मी 'मेलो' म्हणालो, सगळं पाठ! एक शब्द इकडचा तिकडं न्हाय.

परवा मी गुपचूप मॅडमना जाऊन विचारलं, "मॅडम, ह्येवढं एकच तिनं विसरावं म्हणून कुठं सुई टोचता येती का हो?"