मॅडमनी अध्यक्षांचं नाव शेवटी घेतलं

"काय वांदा नाय!" असं म्हणून मॅडम दोन्ही हात एकमेकांवर झटकायच्या, खडूची भुकटी उडायची आणि विषय संपायचा. वाक्य त्या एका रिक्षावाल्याकडून शिकल्या होत्या. आयर्लंडहून कर्जतला आलेल्या बाईंच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांच्या बशीतला चहा पँटवर सांडला. त्यावरही मॅडम म्हणाल्या, "काय वांदा नाय!"

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. बावीस वर्षं झाली. इंग्रजी शिकवायला परदेशातून कुणी येणार हे ऐकून मी नाक मुरडलं होतं, हे आधीच कबूल करतो. गोरं माणूस दिसलं की आपल्याकडे लगेच आरत्या, असं स्टाफरूममध्ये मोठ्यांदा बोललोही होतो. त्याची शिक्षा म्हणून की काय, मॅडमची सगळी व्यवस्था माझ्याच गळ्यात पडली.

खोली दहिवलीत मिळाली, एका चाचींच्या घरी वरच्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात चाचींनी मच्छीच्या कालवणाचा डबा वर पाठवला. मॅडमनी तो घासूनपुसून लख्ख करून परत दिला. रिकामा! चाचींनी मला रस्त्यात गाठलं. "सर, तिला माझं जेवण आवडलं नाय काय?" मी मॅडमना समजावलं की शेजारचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. पुढच्या वेळी डब्यातून चार उकडलेले बटाटे खाली गेले. "अगं, निदान सोलून तरी द्यायचे!" म्हणत चाची पोट धरून हसल्या आणि त्या दिवसापासून मॅडमना चुलीपाशी बसवून तांदळाची भाकरी थापायला शिकवू लागल्या.

नववीचा वर्ग शिळफाट्याच्या बाजारात न्यायची कल्पनाही मॅडमचीच. प्रत्येकानं भाजीवालीशी इंग्रजीत बोलायचं. छत्तीस मुलं रांगेत उभी राहिली आणि छत्तीसच्या छत्तीस गप्प. शेवटी भाजीवालीच कंटाळून म्हणाली, "फ्रेश फ्रेश मॅडम, लास्ट प्राइस, नो टेन्शन!" मॅडमनी तिला मिठी मारली. परतताना मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "सर, ही बाई घाबरत नाही. मग माझी मुलं का घाबरतात?"

का, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी विचारलं की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, ही आपल्या वर्गांची रीत. एकट्यानं उठून बोललं तर चूक दिसते, आणि चूक दिसली की हसं होतं. मी तसाच शिकलो आणि तसंच शिकवत आलो. त्या वर्गातली दर्शना तर हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मॅडमकडे मात्र वेळ नव्हता. त्यांचं वर्ष एप्रिलात संपत होतं. आणखी एक वर्ष राहायचं, तर व्हिसाच्या कागदांना संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र जोडावं लागणार होतं. अध्यक्ष म्हणाले होते, "मुलं बोलताना दाखवा, मग सही करतो." मॅडमना राहायचं होतं. "गप्प वर्ग सोडून मी कशी जाऊ, सर?" हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही त्या जायला नको होत्या, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

जानेवारीत आमच्याकडे भात निघालेल्या शेतांवर रोलर फिरतो आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. एका रविवारी मी मॅडमना घेऊन गेलो. मांडवातला माईक क्षणभर थांबत नव्हता. समालोचन करणारे काका जेवायला उठले, तरी आवाज चालूच राहिला.

"आला रं आला, पुढं आला, उचलला! बॉल गेला पेंढ्यात! या षटकारासाठी पोलीस पाटलांकडून एक गावठी कोंबडा!"

माईक दर्शनाच्या हातात होता. काका तिचेच, आणि ती लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून धावा लिहायची.

मॅडम खुर्चीवर चढल्या. खरोखर चढल्या. "सर! ही माझी दर्शना?"

सोमवारी वर्गातली बाकं भिंतीला लागली. फळ्यासमोर खेळपट्टी, पट्टीची बॅट, कागदाचा चेंडू आणि प्रत्येकानं इंग्रजीत समालोचन करायचं. "ही इज रनिंग, रनिंग, फॉलिंग! ओ माय गॉड, पँट इज गॉन!" व्याकरण गेलं खड्ड्यात, पण तोंडं उघडली. मुख्याध्यापक ओरडायला आले, तर मॅडमनी त्यांना पंच करून टाकलं. शेजारच्या वर्गातून मी दोनदा भिंत ठोकली. तिसऱ्यांदा स्वतःच बघायला गेलो आणि तास संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

मार्चमध्ये शाळेचे सामने ठरले. अध्यक्ष प्रमुख पाहुणे, आणि सही व्हायचं पत्र त्यांच्या खिशात. स्वागताला मॅडम. मी त्यांना पाहुण्यांच्या नावांची चिठ्ठी दिली होती, मानाप्रमाणे क्रम लावून. पण ती नुसती नावांची यादी नसते, हे सांगायचं राहून गेलं. मॅडमना वाटलं, आभार आधी राबणाऱ्यांचे मानावेत. त्यांनी पहाटेपासून मैदानावर पाणी मारणाऱ्या मावशींचं नाव घेतलं, मग रोलरवाल्याचं, मग चहावाल्या काकूंचं. एकेकाला उभं करून टाळ्या. आणि सगळ्यात शेवटी, अगदी प्रेमानं, "आणि आपले अध्यक्ष!"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी काळा चष्मा चढवला. "मी निघतो. खालापूरला मीटिंग हाय," म्हणत ते उठले आणि मैदान तुडवत पलीकडच्या गाडीकडे चालू लागले. मॅडमना काय घडलं तेच कळेना.

तेवढ्यात माईक खरखरला.

"अँड नाऊ, लेडीज अँड जंटलमेन, प्रेसिडेंट सर इज कमिंग टू बॅट! लुक ॲट हिज वॉक! लाइक अ टायगर!" दर्शना! अध्यक्ष थबकले. "ही इज व्हेरी अँग्री विथ द बोलर! हू विल गिव्ह सर द बॅट?"

बाकीची पस्तीस मुलं बॅट घेऊन धावली. नववीच्या बाजूनं इंग्रजीचा नुसता धुरळा उडाला, प्रत्येकजण वेगळं ओरडत होता. अध्यक्ष मैदानाच्या मधोमध सापडले. इकडे गाडी, तिकडे यष्ट्या. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि बॅट हातात घेतली.

पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला. पंच झालेल्या मुख्याध्यापकांनी क्षणाचाही विलंब न लावता नो बॉल दिला. दुसऱ्यावर पुन्हा त्रिफळा, पुन्हा नो बॉल. तिसरा चेंडू कसाबसा बॅटीला लागून चार पावलं गेला आणि दर्शनानं माईकवरून तो माथेरानच्या डोंगरापलीकडे पोचवला. अध्यक्ष इतके हसले की खाली बसले.

गाडीच्या बॉनेटवर पत्र ठेवून त्यांनी सही केली. "ती माईकवाली पोर कुणाची रं?" त्यांनी मला विचारलं. "आपलीच, नववीतली," मी म्हणालो. मॅडम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. सबंध गाव बघत होतं. मी लाजेनं अर्धा झालो, पण हललो नाही.

ते एक वर्ष मॅडमना मिळालं. दर्शनाची दहावी त्यांनी पार पाडून दिली आणि गेल्या एप्रिलात त्या आयर्लंडला परतल्या.

यंदाची नववी नवी आहे आणि पहिल्या दिवशी तशीच गप्प होती. इंग्रजीचा तास सध्या माझ्याकडे आलाय. मी बाकं भिंतीला लावतो आणि मोठ्यांदा, चुकीचं इंग्रजी बोलतो. मुलं माझ्या चुका काढतात, हसतात आणि मग स्वतः बोलू लागतात. मुख्याध्यापक परवा म्हणाले, मॅडमच्या जागी माणूस घ्यायचाय, कुणी ओळखीचं असेल तर सांगा. मी बघतो म्हणालो. अजून कुणालाच विचारलेलं नाही.