भोकाचा पैसा

आमच्या गावातली सुईणमाय कुणालाही ‘अहो’ म्हणत नसे. पाटील असो, कोतवाल असो, मांडवातला नवरदेव असो, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे. पाटलांनी एकदा चारचौघांत तिच्यावर डोळे वटारले तेव्हा ती म्हणाली, “डोये काऊन दाखवून राह्यला रे? तू आला त्या दिवशी तुले ते उघडता येत नव्हते. म्याच पुसले.” पाटील पागोटं सारखं करत निघून गेले. गावात एकट्या मलाच ती ‘तुमी’ म्हणायची, कारण मी मास्तर म्हणून बाहेरून आलेला. “तुमी दुसऱ्या बाईच्या हातचे,” असं ती सांगे, आणि त्या बाईने कामात थोडी कसर ठेवली असावी, असा तिचा सूर असे.

गाव वैनगंगेच्या काठचं, गडचिरोलीपासून पायी अर्ध्या दिवसाचं. धान पिकवणारी घरं आणि तलावात जाळी टाकणारी ढिवरांची घरं, एवढीच वस्ती. सुईणमाय ढिवरांतली. बाळंतपणाबद्दल तिला कुणी पायलीभर धान दिलं तर ती घेई, नाही दिलं तर विचारत नसे. हक्काने मागायची ती एकच वस्तू, भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारने मधोमध मोठं भोक असलेला तांब्याचा पैसा काढला होता. नाळ त्या पैशावर ठेवून ती उकळलेल्या पात्याने कापायची आणि मग पैसा धुऊन कनवटीला लावायची. पुढे घोड्याचं चित्र असलेला बिनभोकाचा पैसा निघाला. एखाद्या बापाने तो दाराशी पुढे केला की ही आतूनच ओरडे, “घोडा तुह्या घरी बांध! मले भोकाचा दे!” मग तो बिचारा भर पावसात घरोघर भोकाचा पैसा मागत फिरे.

मला हे म्हातारीचं खूळ वाटे. मग एकदा तिच्या झोपडीत गेलो असताना आढ्याला टांगलेली माळ पाहिली. जाळ्याच्या मजबूत सुतात ओवलेले भोकाचे पैसे होते ते. दर मृगाला, म्हणजे पावसाळा लागला की, ती त्या सुताला एक जाड गाठ मारी. दोन गाठींच्या मध्ये जितके पैसे, तितकी त्या वर्षी झालेली मुलं. मुलगी असेल तर पैशाला लाल दोरा. जे मूल पुढे दगावलं त्याच्या पैशाला काळा. माळेवरून बोट फिरवत ती सांगत गेली, हा पाटलाचा धाकटा, ही शेवंता, हा देवीत गेला. अक्षर न येणाऱ्या त्या बाईने गावातली सगळी पोरं एका सुतावर धरून ठेवली होती.

इथे मला माझी लाज सांगितली पाहिजे. मी रुजू झालो तेव्हा शाळा नवी होती आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस मुलांची नावं दाखल-खारीज रजिस्टरात चढवायची होती. त्यात जन्मतारखेचा रकाना. कोतवालाच्या वहीत जन्माची नोंद होई, पण तो ठाण्यावर जाईल तेव्हा आणि त्याला आठवेल तशी. नदी भरली की दोन-दोन महिने जाणं नाही. नोंद तरी काय, तर ‘ढिवराचे घरी मुलगी एक.’ कुठल्या ढिवराच्या, ते त्या मुलीने मोठी होऊन शोधावं. म्हणून मी तेच केलं जे तेव्हा सगळे मास्तर करत. सगळ्यांची तारीख लिहिली एक जुलै, आणि साल ठरवलं पोराच्या उंचीवरून.

हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती माळ खांद्यावर टाकून भर वर्गात आली.

“मास्तर, चाळीस लेकरं एकाच दिवशी झाले म्हणता? त्या दिवशी मले हात किती होते?”

मुलं खिदळली. मी म्हणालो, “माय, सरकारी कागद असाच भरतात.”

“मंग आता बराबर भरा. मी माळ सांगतो, तुमी लिवा.”

मी तिला समजावलं, की त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, त्याला वरच्या साहेबांची परवानगी लागते. “खोटं लिवाले परवानगी नाई लागली, आन् खऱ्याले लागते?” परवानगीचा अर्ज मी केला नाही. उद्या करू, परवा करू म्हणत तीन-चार वर्षं गेली.

मग नवे पैसे आले. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले. लोकांना समजावून सांगा, असा वरून हुकूम आला आणि मी तो मोठ्या हौसेने पाळला. शाळेच्या भिंतीवर तक्ता लावला, गाव गोळा केलं. मी नव्या नाण्यांच्या बाजूचाच होतो, कारण शंभराचं गणित मुलांना सोपं जातं. पण बाजारात काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. जुन्या एका पैशाची काडेपेटी असो नाहीतर मिठाची पुडी, दुकानदार तिचे दोन नवे पैसे घेऊ लागला. आणि गिऱ्हाईक जुना पैसा बदलायला घेऊन गेलं, की त्याच्या हातावर एकच नवा ठेवी. घेताना एक भाव आणि देताना दुसरा, असं माझ्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण तक्ता शाळेत होता आणि मीठ दुकानात. हे चोरीचं राज्य मला आजही विसरता येत नाही.

त्या सभेत सुईणमायने नवा पैसा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “याले भोक काऊन नाई?”

“नव्या पैशाला नसतं, माय.”

“मंग लेकरू ओवू कुठी?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच हसण्याच्या भरात सांगून टाकलं, की जुने पैसे आता बंद होणार, घरात असतील नसतील ते बदलून घ्या, नाहीतर पुढे त्यांना कुणी विचारणार नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतली भिवरा चौथी पास झाली. ढिवराची पोर. चौथीपर्यंत पोचलेली गावातली पहिलीच मुलगी, आणि हुशार. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, मुलींचं वसतिगृह होतं. राहणं-जेवण फुकट, पुढचं शिक्षण होणार. अट एकच होती, मुलीला बारा वर्षं पुरी झालेली नसावीत. मी रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात तिला तेरावं संपत आलेलं होतं. पहिलीत आली तेव्हा ती वर्गात सगळ्यांत उंच होती, म्हणून मी वर्षभर जास्त लिहून मोकळा झालो होतो.

निवडीसाठी येणाऱ्या साहेबांचा मुक्काम गडचिरोलीला होता. मी सुईणमायकडे धावलो. ती तलावावर होती, जाळं वाळत घालत. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अकरा गाठी झाल्या भिवरीले. चला, मीच येतो माळ घेऊन. पायतो कोन नाई म्हणते तं.”

आम्ही झोपडीत आलो. आढ्याला खिळा होता, माळ नव्हती.

तिचा मुलगा देवाजी दारातच बसला होता. त्याला काही वाईट केल्याची जाणीवच नव्हती. “मी बदलून आनले ना पैसे सकारी,” तो म्हणाला. “गुरुजीच तं म्हनले, बंद होऊन राह्यले म्हनून.” आणि त्याने मुठीतले नवे पैसे आईपुढे धरले.

ती त्याच्यावर ओरडली नाही. पदर खोचला आणि थेट किराणा दुकानात गेली, मी मागून. दुकानदाराने भोकाचे पैसे एका डब्यात काढून ठेवले होते. लोहार ते बैलबंडीच्या खिळ्याखाली चकती म्हणून लावत आणि चांगला भाव देत. आम्हाला बघून त्याने डबा मागे सरकवला.

“पैसे ठेव तुह्यापाशी,” ती म्हणाली. “माही दोरी कुठी हाय?”

“कोणती दोरी?”

“ज्याच्यात ओवले होते ते.”

दुकानदाराने चुलीकडे मान केली. गाठी सुटेनात म्हणून त्याने सूत जागोजाग कापून पैसे काढून घेतले होते आणि तुकडे चहाच्या चुलीत घातले होते. वर म्हणाला, “सुताचे वेगळे पैसे पाहिजेत का, बाई?” आयुष्यात मी कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी उगारला होता. तिनेच तो धरला आणि मला बाहेर ओढलं. “तो तं दुकानदार हाय,” ती म्हणाली. गावाला पैसे बदला म्हणून सांगणारा मास्तर तिच्या शेजारीच उभा होता.

तरीही दुसऱ्या दिवशी ती आली. पहाटे निघून भिवराचं बोट धरून गडचिरोलीपर्यंत चालली. साहेबांपुढे उभी राहून तिने तोंडी सांगितलं, की भिवराचा जन्म झाला त्या वर्षी तलावाची पाळ फुटली होती, धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि ही पोर पायाळू होती. तेव्हापासून आजवर अकरा मृग झाले. साहेब सभ्य होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, हे लेखी कुठे आहे का?”

“होतं,” ती म्हणाली. “सुतात होतं.”

साहेबांनी माझं रजिस्टर पुढे ओढलं. मी उठून म्हणालो, “साहेब, ती तारीख मी अंदाजाने लिहिली आहे. चूक माझी आहे.” ते हसले. “गुरुजी, सगळेच अंदाजाने लिहितात. पण लिहिलं ते लिहिलं.” त्यांनी नावावर रेघ मारली. मी जन्मतारखेच्या रकान्यात मारलेली थाप सरकारी पुरावा ठरली, आणि जिच्या हातात ती पोर पहिल्यांदा रडली त्या बाईची साक्ष ऐकीव ठरली. परत येताना भिवरा पुढे चालत होती. “मास्तर, साहेबाले अकरा मोजता नाई येत का?” असं तिने एकदा विचारलं. त्या पावसाळ्यात ती आईबरोबर धानाच्या रोवणीला गेली आणि शाळेच्या वाटेला पुन्हा आली नाही.

सुईणमायने नवी माळ केली नाही. बाळंतपणाला बोलावलं की जाई, कोणत्याही पैशावर नाळ कापी, आणि तो पैसा घरच्यांना परत देई.

पुढच्याच श्रावणात नदी दोन्ही थड्या भरून वाहत असताना माझ्या बायकोचे दिवस भरले. माहेरी नेणं शक्य नव्हतं. सुईणमाय आली. मी आधीपासून सगळं गाव, बाजार, लोहाराचं दुकान पालथं घातलं होतं, एकही भोकाचा पैसा मिळाला नव्हता. शेवटी शरमत एक नवा पैसा दारातून आत दिला. थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं. मग ती बाहेर आली, हात पुसले, आणि धुतलेला तो लहानसा पैसा माझ्या तळहातावर ठेवला.

“पोट्टी झाली,” ती म्हणाली. “याले भोक नाई. म्या कुठी ठेवू हिले? तुह्या पोरीचं साल तूच सांभाळ, मास्तर.”

पहिल्यांदाच तिने मला ‘तू’ म्हटलं. मी तसाच भर पावसात शाळेत गेलो, कुलूप काढलं आणि अजून रांगताही न येणाऱ्या माझ्या मुलीची जन्मतारीख रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिली. तिच्या खाली, परवानगी न मागता, भिवराचं खरं साल लिहिलं.