बेहड्यातली बाळंतीण

वलगावच्या माझ्या मामांइतका खरे बोलणारा आणि तरीही थापाड्या म्हणून गाजलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आगगाडी यायच्या आधी ते कापसाच्या गाड्या घेऊन थेट मुंबईच्या खाडीपर्यंत जात. इतर गाडीवान बायकोसाठी लुगडे आणत, मामा बातम्या आणत, आणि त्याही माणसांच्या नव्हेत. खाडीत त्यांनी निवटी पाहिली होती. चावडीवर येऊन म्हणाले, "मासा, बाप्पा, पान्याबाहेर येऊन चिखलावर चालून राहिला होता. डोये डोक्यावर. माह्याकडे असा पाहे, जसा मीच पान्यातून आलो." त्या दिवसापासून गावात कोणी थाप मारली की लोक म्हणत, "चालला मासा." मामांना त्याचे काही नव्हते. मेळघाटात एकदा शेकरूची उडी पाहायला त्यांनी अख्खा तांडा थांबवला होता. मागचे गाडीवान शिव्या देत होते आणि मामा त्यांनाच हळू बोला म्हणून दटावत होते.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बांध नांगरले, गोठ्यामागची उकिरड्याची जागाही सोडली नाही. मामांच्या धाकट्या भावाने शेतातला जुना बेहडा तोडायचे ठरवले, कारण त्याच्या सावलीत कापूस धरत नव्हता. मामांनी होकारही दिला. पण चैत्रात धनेशाची मादी त्या झाडाच्या ढोलीत शिरली आणि एक फट ठेवून तिने दार लिंपून घेतले. मामा धावत घरी आले, मामीला म्हणाले, "आपल्या झाडात बायंतीन हाये."

त्या दोघांना मूल नव्हते. मामीने दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू वळून बेहड्याच्या बुंध्याशी ठेवले. धनेशाने ढुंकून पाहिले नाही, मुंग्या मात्र बाळसे धरू लागल्या. मामांनी बैलांच्या घुंगरमाळा काढल्या आणि त्या शेतात खोकायचीसुद्धा बंदी झाली.

वैशाखात, आखजीच्या सणाला, भाऊ कुऱ्हाड घेऊन आला. "दादा, तुहा मासा चालते. आता पाखरू सोताले भितीत चिनून घेते. उद्या म्हनशील, वाघ कापूस येचते."

"बस इथं," मामा म्हणाले.

ऊन चढले तसा नर आला. फटीतून एक चोच पुढे झाली. त्याने गळ्यातून एकेक उंबर काढून तिला भरवले आणि पुन्हा आणायला गेला. भाऊ आ वासून पाहत राहिला.

"दिसभर असाच चारते?"

"मंग? नवरा हाये तिचा."

मामी भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, बायंतिनीच्या दारात कुऱ्हाड घेऊन बसत नसतेत. उठा." भाऊ उठला. मादी ढोलीबाहेर पडली की मात्र झाड तोडायचे, असे मामांकडून कबूल करून घेऊनच उठला.

मृगाच्या तोंडावर ढोलीची भिंत फुटली. आई आणि तिची दोन पिल्ले अडखळत, धडपडत नदीकडे उडाली. मामांनी टोपी काढून हवेत उडवली, आणि मग लेक सासरी गेल्यासारखे बुंध्याशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मामांनी शब्द दिला होता. "तोड," म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. भावाने बुंध्यावर हात ठेवला, वर उघड्या ढोलीकडे बराच वेळ पाहिले.

"आज नोको, दादा. आभाय भरून आलं. वलं लाकूड कोन वाहील."

आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. मामांनी वळून त्या लख्ख उन्हाकडे पाहिले, डोळे पुसले, आणि आयुष्यातली बहुधा पहिलीच थाप मारली.

"हो ना," म्हणाले. "पानी येईनच आता."