लिस्बनच्या दारातला म्हातारा

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी जेवताना वाचायचो... आणि हसायचो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागे कुणी येऊन बसतं. मी ड्राफ्ट्समन. भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं, हे मिलिमीटरमध्ये सांगणारा माणूस. असल्या गोष्टींना माझ्या डोक्यात जागाच नव्हती. तरी लिहितोय, कारण घरात हे कुणाला सांगायची सोय नाही.

साल २०१४, मे महिना. मी तेव्हा मस्कतला, अझैब्यात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होतो. गल्फमधल्या माणसाची सुट्टी त्याची नसते, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. वर्षाचे तीस दिवस म्हणजे कुडाळजवळचं आमचं गाव. साबण-अत्तरांनी भरलेल्या दोन बॅगा, मग कौलं परतणं, लग्नं, बारशी, सगळ्यांची रखडलेली कामं. अकरा वर्षं तेच! मत्रहच्या बंदरावरचा पोर्तुगीजांचा किल्ला बघून बघून माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता — ज्यांनी हे बांधलं, त्यांचं शहर, लिस्बन, एकदा बघायचं. एकट्याने. कुणासाठी काहीही न आणता.

घरी फोन करून अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नावावर खपवलं, "अर्बाबान सुट्टी नाय दिल्यान. वाळवंटात साइट आसा, रेंज नसतली. गणपतीक येतंय, इन्शाल्ला."

बाबांनी फोन मागून घेतला. हृदयाच्या दुखण्याने ते वर्षभर पडवीतल्या खाटेवरच होते. म्हणाले, "बरा. पण माका एकदा बघून जा रे."

मला चीडच आली, खोटं का बोलू. अकरा वर्षं बघूनच तर जात होतो.

खरं फक्त माझ्या रूम-पार्टनरला, देवगडच्या शेट्येला ठाऊक होतं. "एकटो जावन काय बघतलस थंय?" एवढंच तो म्हणाला.

लिस्बनमधला चौथा दिवस, मंगळवार. दुपारचे बारा वाजून गेले असतील. अल्फामा म्हणून तिथली जुनी वस्ती आहे — चढउताराच्या अरुंद गल्ल्या, भिंतींना निळ्या टाइल्स. सकाळी वारा बोचत होता म्हणून तिथेच एक पिवळं जाकीट विकत घेऊन अंगात घातलं होतं. गळ्यात कॅमेरा. एका घराचं दार उघडं दिसलं. दगडी चौकट फार सुरेख होती, म्हणून थांबलो. आत लोखंडी खाटेवर एक म्हातारा बसला होता, तिथलाच, गोरा, नुसत्या बनियनवर. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा असा उजळला, जणू घरचंच कुणी आलंय. हात वर करून काहीतरी बोलला. भाषा कळली नाही, पण मग त्याने खाटेवर शेजारी हात थोपटला. त्याचा अर्थ कुठल्याही देशात एकच.

मी फोटो काढला, हसलो आणि पुढे निघालो. मागून त्याने पुन्हा हाक दिली. मी वळलो नाही.

बस्स, एवढंच. अंगावर काटा नाही, काही नाही. संध्याकाळपर्यंत मी त्याला विसरलोही होतो.

शनिवारी मस्कतला उतरून ओमानचं सिम चालू केलं, तर ताईचे अठरा मिस्ड कॉल. बाबा गुरुवारी गेले होते. अग्नी चुलतभावाने दिला. मी गोव्याचं विमान पकडून पोचलो, तेव्हा पडवीतली खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या अर्बाबला शिव्या घालत होता. "काळीज नाय त्या मेल्यांका!" बातमी कळताच स्वतः गाडी काढून मला एअरपोर्टला सोडणारा तो माणूस... आणि मी मान खाली घालून ऐकत बसलो. लाज वाटली.

मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली.

"मंगळवारी साडेचारच्या सुमाराक बाबांका च्याचो कप देवक गेलंय," ती म्हणाली, "तर म्हणतत, 'आताच तो इल्लो. दारात उभो रवलो. पिवळा जाकीट, गळ्यात कॅमेरो. ये, बस म्हटलंय, तर फोटो काढल्यान आणि गेलो.' मी म्हटलंय, भास झालो असतलो. तर रडाक लागले. म्हणतत, 'दोनदा हाक मारलंय गो, वळान बघूक नाय.'"

मी भिंतीला टेकवलेल्या खाटेकडे बघितलं.

"तू खंय होतस रे त्या दिवशी?"

"कामार," मी म्हटलं.

लिस्बनमध्ये बारा म्हणजे आपल्याकडे साडेचार. योगायोग म्हणा, भास म्हणा, सगळं म्हणून झालंय माझं. पण ते जाकीट मी त्याच सकाळी घेतलं होतं आणि निघताना हॉटेलातच विसरून आलो होतो. शेट्येनेसुद्धा ते पाहिलेलं नाही. फोटो मी शंभर वेळा मोठा करून बघितलाय. त्यात एक अनोळखी गोरा म्हातारा आहे. बाबांसारखा अजिबात दिसत नाही.

बाबांना मी कसा दिसलो, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी त्या म्हाताऱ्याजवळ का बसलो नाही, याचं मात्र आहे. त्या दिवसाच्या यादीतली चार ठिकाणं अजून बघायची राहिली होती, आणि मला वाटलं, हा म्हातारा फुकट वेळ खाणार.