मागच्या दोन स्प्रिंगा

भारत राठोडला आपल्या बायकोचा हेवा वाटायला लागला तो एका रविवारी दुपारी, चारचौघांदेखत. त्याआधी तसं काही कारण नव्हतं.

पांढरकवड्याच्या बायपासवर त्या दोघांची एकच पत्र्याची शेड आहे. अर्ध्या भागात भारतचं काम चालतं, गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकअप. तांड्यावरून तो पहिल्यांदा कामाला आला तेव्हा ट्रकच्या कमानींवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, घण मारायचा. पुढे हायवेवर लहान गाड्या वाढल्या तसा तोही त्यांच्याकडे वळला. उरलेल्या अर्ध्या भागात त्याच्या बायकोचं, बबिताचं, टायरचं दुकान. ती महागावकडची. तिचा बाप हरिसिंग तिथे पंक्चरं काढायचा, त्यामुळे लग्नाआधीच तिच्या हाताला रबराची सवय होती. टायरवर नख दाबून आणि कडेची झीज पाहून गाडी कोण कशी चालवतं ते ती सांगून मोकळी व्हायची. मुकुटबनपर्यंत टायर पोचवायला पिकअपही तीच न्यायची. भारतला याचं कौतुकच होतं. गिऱ्हाइकांना तो म्हणायचा, वरचं माह्याकडे, खालचं तिच्याकडे.

ट्रॅकचं वेड आणलं अश्वजित मुनेश्वरनं. अश्वजित वणीकडच्या कोळशाच्या खाणीत इंजिनिअर. आदिलाबादच्या पुढे एका माणसानं आपल्या पडीक जमिनीवर डांबराचा वळणावळणाचा ट्रॅक बांधला होता. महिन्यातून एका रविवारी लोक आपापल्या गाड्या तिथे आणून मनसोक्त पळवत. अश्वजित स्प्रिंगांच्या कामासाठी भारतकडे आला आणि पुढच्या रविवारी त्यालाच सोबत घेऊन गेला. तिथून परत आलेला भारत वेगळाच होता. महिनाभरात त्यानं पुढून ठोकलेली एक जुनी लहान गाडी उचलली, सरळ केली, मागचं सीट, गालिचे, एसी सगळं काढून टाकलं. पुढे त्यानं त्याच गाडीच्या डिझेल जातीच्या स्प्रिंगा बसवल्या, कारण डिझेल इंजिन जड असतं म्हणून त्या मुळातच कडक येतात. मागे गाडीच्या मूळच्या नरम स्प्रिंगा राहू दिल्या. टायर बबितानं निवडून दिले, साध्या रस्त्याचे, पण त्यातल्या त्यात बरे.

गाडी चांगली जमली. लहान गाड्यांमध्ये भारतचं नाव होऊ लागलं. रविवारची संध्याकाळ झाली की तो घरी आईला, सुखीबाईला, कुठल्या वळणावर कुणाला मागे टाकलं ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत रंगवून सांगायचा. म्हातारी भाकरी थापता थापता हुंकार द्यायची.

मग तो रविवार आला. बबिता त्या दिवशी टायर बदलायला म्हणून सोबत आली होती. जेवणानंतर ट्रॅक मोकळा होता. अश्वजितनं सहज म्हटलं, वहिनी, एक चक्कर मारून पाहा. भारतनंच हसत हसत तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. पहिली चक्कर तिनं जपून मारली. तिसऱ्या चकरेला ती भारतच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेच्या आत आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भारतनंही वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या. परतीच्या रस्त्यावर तो म्हणाला की दुपारी डांबर तापतं, टायर चिकटून चालतात. पाटणबोरी आलं तेव्हा म्हणाला, तुझं वजन कमी, गाडीला फरक पडतोच. बबितानं दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. त्यामुळे त्याला जास्तच राग आला.

पुढच्या महिन्यांत ती आणखी वेगात गेली. अश्वजितनं तिच्या चकरांचे व्हिडिओ सगळ्यांना पाठवले. स्प्रिंगा बदलायला आलेली माणसं काम सांगायच्या आधी विचारू लागली, वहिनी कुठं हाय? भारत हातातला पाना न सोडता मानेनंच दाखवायचा. एकदा त्यानं रविवारची तारीखच तिला सांगितली नाही, एकटा निघून गेला आणि दिवसभर तिच्या वेळेच्या मागे धावत राहिला. ती वेळ काही त्याच्या हाती लागली नाही. घरी आल्यावर बबितानं टायर पाहिले. पुढच्या दोन्ही टायरच्या कडा घासून केसाळ झाल्या होत्या. ती चालवायची तेव्हा चारही टायरची झीज एकसारखी असायची. तिनं पाहिलं हे भारतनं पाहिलं, आणि त्या दिवशी तो तिच्यासोबत जेवायला बसला नाही.

फरक कशात आहे हे त्याला एव्हाना समजलं होतं. वळणाआधी ती ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची. गाडीचं वजन पुढे यायचं, मागचा भाग हलका होऊन आपसूक फिरायचा, की मग पाय देऊन ती निघून जायची. भारतला तो पाय उचलणं जमत नव्हतं. तो दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंगशी झटायचा. म्हणून त्यानं ठरवलं की पायाचं काम स्प्रिंगकडून करून घ्यायचं. सीएनजी गाड्यांना टाकीचं वजन पेलायला मागे कडक स्प्रिंगा असतात, तशा दोन त्यानं आणल्या. मागचा भाग कडक केला की दाबून चालवलं तरी गाडी वळते.

बबितानं त्या पाहिल्या आणि म्हणाली, "मागं इतकी कडक टाकायची असन तर टायर नरम रबराचे पायजे. या टायरवर मागचा भाग सुटते."

"स्प्रिंगचं मले सांगू नको. तू टायर पाय."

"टायर पाहूनच सांगून राह्यली."

नरम रबराचे टायर मागवू, असं ती नंतरही दोनदा म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण तिचे टायर लावून तो जिंकला असता तर लोकांनी टायरचं नाव घेतलं असतं. त्यानं नाही म्हटलं आणि कडक स्प्रिंगा बसवल्या. या स्प्रिंगांवर वळणात पाय उचलला तर गाडी गर्रकन फिरेल, हेही त्याला ठाऊक होतं. तिचं चालवणं त्याच्याइतकं बारकाईनं कुणीच पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत ट्रॅकवर स्पर्धा होती. एका गाडीवर दोघं उतरू शकत होते. सकाळी भारतची पाळी आली. गाडी खडखडत, उड्या घेत, पण वळत गेली, आणि तो स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा चांगला आला. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. अश्वजितनं पाठीवर थाप मारली. बऱ्याच दिवसांनी भारतला बबिताकडे सरळ पाहता आलं.

ती गाडीच्या मागे वाकून टायरवर हात फिरवत होती. उठून म्हणाली, "अजी, मागच्या जुन्या स्प्रिंगा आणल्या ना? माह्या पाळीआधी बदलून द्या. वेळ हाय."

काम अवघड नव्हतं. या गाडीचा मागचा ॲक्सल खाली सोडला की स्प्रिंग हातात येते. आणि जुन्या स्प्रिंगा पिकअपमध्ये ताडपत्रीखाली होत्या, सकाळी त्यानंच ठेवल्या होत्या.

"घरीच राह्यल्या," भारत म्हणाला.

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि बरं म्हटलं. मग पकड वाढावी म्हणून मागच्या टायरची थोडी हवा सोडली, चारही टायरच्या कडेवर खडूच्या रेघा मारल्या, म्हणजे रबर कुठवर घासलं ते नंतर कळतं, आणि हेल्मेट घातलं. भारत ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ती हळू जाईल, असं तो स्वतःला सांगत होता. हळू गेली तर काहीच होणार नाही आणि आजचा दिवस माझा राहील.

ती हळू गेली नाही. दुसऱ्या चकरेत, उताराच्या वळणावर, तिनं सवयीनं पाय उचलला. मागचं आतलं चाक वर आलं, गाडी एका झटक्यात उलटी फिरली, डांबर सोडून मातीत गेली आणि टायरांच्या भिंतीच्या हातभर अलीकडे थांबली. धूळ इतकी उडाली की काही वेळ गाडीच दिसेना. भारत धावत सुटला होता. तो पोचला तेव्हा बबिता गाडीतून उतरत होती. तिला लागलं नव्हतं. हात मात्र तिनं काखेत घट्ट धरले होते.

गाडी ओढून परत आणली. ती मागच्या चाकाशी बसली. खडूची रेघ पार पुसली गेली होती. "मी बोलली होती," एवढंच ती म्हणाली. अश्वजित शेजारी उभा होता. ज्यांची गाडी फिरली त्यांना शेवटी आणखी एक संधी होती, पण या स्प्रिंगांवर वहिनींनी उतरू नये, असं त्याचं मत होतं. जुन्या असत्या तर बरं झालं असतं, तो म्हणाला.

भारतला गप्प राहता आलं असतं. कुणी पिकअप उघडून पाहणार नव्हतं. पण तिचे हात अजून काखेत होते.

"पिकअपमंदी हाय," तो म्हणाला.

अश्वजितनं नजर दुसरीकडे वळवली. बबिता उठली, पिकअपपाशी गेली, ताडपत्री उचलली, आणि एकेक करून दोन्ही स्प्रिंगा आणून त्याच्या पायाशी ठेवल्या.

"काहून?" तिनं विचारलं.

तो जॅक लावत होता. वर न पाहता म्हणाला, "गाडी तुह्या हातात चांगली चालते. माह्या हातात नाई चालत."

"ते मले पयल्याच दिवशी कळलं होतं. मी कधी बोलली का?"

उन्हात, मातीत पाठ टेकून त्यानं दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलल्या. आपण काय करतो आहोत हे त्याला नीट कळत होतं. पाना फिरेल तसा तो आपली सकाळची वेळ आपल्याच हातानं पुसत होता. तरीही त्यानं प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला.

बबिता शेवटच्या संधीला उतरली. पहिल्या वळणाला तिनं पाय उचलायला जरा उशीर केला, नंतर नाही. लहान गाड्यांमध्ये तिचा दुसरा नंबर आला. भारत बराच खाली होता.

येताना पाटणबोरीला चहा घेताना ती बोलली. आवाज चढवला नाही. स्वतःसाठी वेगळी गाडी हवी, एवढंच तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आन तिच्या स्प्रिंगा तुमी टाकायच्या नाई."

पावसाळ्याआधी तिनं तशीच दुसरी गाडी घेतली. स्प्रिंगा नागपूरच्या एका दुकानातून आल्या, दुसऱ्याच मिस्त्रीनं बसवल्या. नरम रबराचे टायर तिनं स्वतः निवडले. गाडी शेडमध्ये तिच्या बाजूला उभी राहायची आणि भारतला दिवसभर दिसायची. आता त्याला त्या न पाहिलेल्या नागपूरच्या मिस्त्रीचा हेवा वाटू लागला. ती ट्रॅकवरून आली की गाडी कशी बसली आहे, कुठल्या चाकाशी खाली झुकली आहे, ते तो लांबूनच पाहायचा. मागची डावी बाजू दबत चालली होती. सांगायला तोंड नव्हतं. सुखीबाईनं एकदा विचारलं की तू त्या गाडीकडे चोरासारखा काय पाहतोस. तो उठून गेला.

दिवाळीनंतर बबितानंच गाडी ढकलत त्याच्या बाजूला आणली. मागून खाली बसून राह्यली, पाहून द्या, म्हणाली.

भारतनं मागून दोन्ही हातांनी गाडी दाबली, सोडली. मग आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुले कशी पायजे?"

ती स्टुलावर बसून सांगत राहिली. पाय उचलला की मागचा भाग किती फिरावा, कुठं थांबावा, नव्या टायरवर गाडी जास्त कलते ती किती चालेल. मूळच्या नरम स्प्रिंगा या टायरांना कमी पडणार होत्या, सीएनजीच्या फार कडक. मधली जोडी त्यानं शोधून आणली, बसवली, आणि ती एक चक्कर मारून आल्यावर तिच्या म्हणण्यावरून मागची उंची थोडी कमी केली.

पुढच्या रविवारी ती त्या स्प्रिंगांवर उतरली. उताराच्या वळणावरून गाडी अशी गेली की भिंतीपाशी उभे असलेले लोक बोलायचे थांबले. अश्वजितनं भारतला विचारलं, स्प्रिंगा तुमच्याच ना?

"माह्याच," भारत म्हणाला.

तिची वेळ माईकवर सांगायला अजून थोडा अवकाश होता. तो ती ऐकायला थांबला नाही. आपल्या गाडीपाशी गेला, जॅक लावला आणि मागच्या स्प्रिंगा काढायला खाली शिरला.