तळणीचा वास

सकाळपासून आमच्या इमारतीच्या डक्टमधून वास वर चढतो आहे. पहिल्या मजल्यावर मठाच्या पिठाचे, पापडासारखे मठिये तळताहेत, दुसऱ्यावर घुघरे, म्हणजे आपल्या करंज्याच, आणि समोरच्या बिऱ्हाडात चकलीची भाजणी नुकतीच कढईत पडली आहे. इतकी वर्षं सुरतेत काढल्यावर गुजराती तळण आणि मराठी तळण माझं नाक डोळे मिटून वेगळं करू शकतं. मठियाच्या वासाला एक गोडसर, तिखटसर हलकेपणा असतो. भाजणीचा वास भारदस्त, धन्याजिऱ्याचा, घराच्या कर्त्या बाईसारखा पदर खोचून येणारा. दिवाळीच्या आधीचे हे चार दिवस मला नेहमीच खऱ्या दिवाळीपेक्षा जास्त आवडत आले. पणत्या काय, कोणीही लावतं, पण वास सांगतो की घरात कोणीतरी पहाटेपासून झळ सोसत उभं आहे, कोणाची तरी वाट पाहत आहे. पूर्वी हा वास आला की मला भूक लागायची. आता काही वर्षं झाली, तो आला की मला एका गल्लीची आठवण येते.

आमच्या मराठी मंडळात दिवाळीला गरजू घरांना फराळ देण्याची पद्धत आहे. सुरुवात साधीच होती. ज्यांना जमेल त्यांनी दोन मुठी जास्त करायचं आणि मंडळाच्या हॉलवर आणून द्यायचं. पुढे घरं वाढली, हात वाढले, आणि हॉलमागच्या खोलीत वर्षभर धान्य, डाळी, तेल साठवून अडलेल्या घराला शिधा देणंही सुरू झालं. बँकांत, शाळांत, कचेऱ्यांत नोकऱ्या करणारे आम्ही लोक द्यायचे, आणि पांडेसरा, उधना, भेस्तानातल्या कारखान्यांत राबणारे खानदेशी लोक घ्यायचे. दोघेही मराठीच, पण हॉलच्या टेबलाच्या दोन बाजूंना. माझ्याकडे चकल्या असत. त्याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. भाजणी माझी, मोहन माझं, आणि सोऱ्याही माझाच, लग्नात आलेला पितळी. त्याच्या चकतीतल्या चांदणीचं एक टोक कधीतरी झिजून गेलं, तेव्हापासून माझ्या चकलीला एका अंगाने काटाच येत नाही. बाकी सगळीकडे छान टोकदार, आणि एक बाजू गुळगुळीत. "तुझ्या चकलीला टक्कल पडलंय," असं आमच्या घरातून दरवर्षी ऐकवलं जातं, आणि टकलासकट डबा दोन दिवसांत रिकामा होतो. दुसरी चकती घ्यावी असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. माझी चकली शंभरांत ओळखू येते याचा, खरं सांगायचं तर, थोडा तोराच होता.

ते वर्ष मंदीचं होतं. कपड्याला उठाव नाही म्हणून कापड रंगवणाऱ्या कितीतरी डाइंग कारखान्यांनी दिवाळीची सुट्टी दसऱ्यानंतरच देऊन टाकली होती, आणि सुट्टी संपल्यावर बोलावतील की नाही हे कोणी सांगत नव्हतं. एरवी दिवाळीला खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी बरेच जण गेलेच नाहीत. रिकाम्या हाताने गावात शिरायचं कसं? मंडळात त्याच वर्षी ठरलं होतं की कच्चा शिधा नको, तयार फराळच द्यायचा. कोणीतरी म्हणालं, कच्चं दिलं की ते वाण्याकडे परत जातं, तयार दिलं की निदान पोरांच्या पोटात जातं. बोलणं तर्काला धरून होतं. मीही मान डोलावली. चकल्या, शेव, चिवडा, चार लाडू, सगळं नीट डब्यांत भरून, वर झेंडूचं एकेक फूल ठेवून आम्ही टेबलं मांडली. हॉल इतका खमंग झाला होता की आम्हीच आमच्यावर खूश होतो.

रांगेत ती होती. चाळिशीची असेल, डोक्यावरून पदर, बोटांच्या टोकांना डिंकाचे वाळलेले पापुद्रे. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांची बोटं अशीच असतात. मी डबा पुढे केला तर तिने तो घेतला नाही. आधी शुद्ध मराठीत, अगदी शब्द निवडून म्हणाली, "ताई, हे तयार नको होतं. कच्चं मिळेल का?" मी म्हटलं, या वेळी कच्चं नाही ठेवलेलं. मागची रांग हलायला लागली तशी तिला घाई झाली आणि घरची बोली तोंडात आली. "ताई, पीठ द्या, तेल द्या, मी घरमा करसू. मनी पोरना पयला दिवाळसण से. जवाई येई राहिना पाडवाले. घरमा कढई नही चढनी ते बठ्ठी गल्लीले समजी जास."

घरात कढई चढली नाही तर सगळ्या गल्लीला समजेल, एवढंच. पण मला तिची अडचण कळली, बाकीचं तिने मागून घराची खूण सांगताना सांगितलं. तिची मुलगी त्याच वर्षी लग्न होऊन नंदुरबारकडे गेली होती, जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होता, आणि गल्लीत तिच्या गावची चार घरं होती. इथे शिंकलं की तिकडे गावात नाक पुसतात, अशी ती घरं. नवऱ्याचं काम सुटल्याचं तिने मुलीच्या सासरी कळू दिलं नव्हतं. डब्यातला फराळ पोट भरेल, पण डब्याला वास नसतो. ज्या घरातून तळणीचा वास आला नाही त्या घराची दिवाळी कशी आहे हे भिंतीपलीकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. आणि सासरच्या माणसांना एकदा कळलं की ते पोरीला उठता बसता ऐकवलं जातं. तिला फराळ नको होता. तिला पोरीची मान ताठ राहायला हवी होती. ती आम्ही कुठल्या डब्यात भरणार होतो?

मी म्हणाले, "बघते." आम्हा मध्यमवर्गीय लोकांचा हा फार लाडका शब्द. त्यात नकार नसतो, होकार नसतो, फक्त समोरच्या माणसाला रांगेतून पुढे सरकवण्याची सोय असते. पण मी खरंच बघितलं. मागच्या खोलीत गेले तर बेसनाचे, भाजणीचे डबे उपडे घातलेले होते, तेलाचे पत्रे निथळत ठेवलेले. सगळं आम्हीच तळून बसलो होतो. बाहेर येऊन तिला म्हटलं, आत्ता काही नाही, पण पाडव्याच्या आधी मी स्वतः आणून देते, घर सांग. तिने खूण सांगितली आणि मग तो डबाही पदराखाली घेतला. नाही म्हणण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी निघाले. बेसन, भाजणी, साखर, तेल, सगळं माझ्या साध्या कापडी पिशवीत घातलं. मंडळाचं नाव छापलेली पिशवी मुद्दाम घरी ठेवली, आणि आपल्याला किती समजतं याचं मला रिक्षात बसल्यावर बरंही वाटलं. पांडेसराच्या कारखान्यांच्या मागे ज्या गल्ल्या आहेत तिथे एरवी रंगाचा आणि वाफेचा एक आंबूस दर्प असतो. त्या दिवशी भोंगे बंद होते, चिमण्या थंड होत्या, आणि हवा कधी नव्हे ती स्वच्छ होती. दारादारांत रांगोळ्या होत्या. गल्लीत वळले आणि तळणीचा वास आला. विचारत विचारत पुढे गेले, तर वास तिच्याच दारातून येत होता. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मिळालं वाटतं कुठून तरी, देव आहे, असं मनात म्हणत मी उंबऱ्याशी उभी राहिले.

आत जावई बसला होता. त्याच्या कारखान्याने एक दिवस आधी सोडलं म्हणून तो आणि मुलगी आदल्या संध्याकाळीच आले होते. चांगला हसरा, साधा मुलगा. कोपऱ्यात खाटेवर तिचा नवरा घडीच्या खुणा न मोडलेला सदरा घालून बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. मला पाहून ती क्षणभर जागच्या जागी थिजली. मग पदर सावरत जावयाला म्हणाली, "ह्या आपल्या वळखीच्या ताई. मीच फराळले बोलावलं होतं." मुलगी सुरतेतच वाढलेली, तिच्या तोंडून सवयीने गुजरातीच आलं, "बेसो ने मासी," बसा ना मावशी. जावई उठून माझ्या हातातली पिशवी घ्यायला पुढे आला. "द्या मावशी, इकडं ठेवतो." मी ती मागे ओढली. "असू दे, असू दे. बाजार करून घरी चाललेय, वाटेत डोकावले." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या पिशवीची गत झाली. जी द्यायला मी गाव ओलांडून आले होते ती मी दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून बसले.

तिने ताटली पुढे केली. दोन चकल्या, चिमूटभर शेव. चकल्या जवळजवळ काळ्या पडलेल्या, तेलाने जड. मी एक उचलली, आणि बोटांना आधी कळलं. एका अंगाने काटा नव्हता. ती माझी चकली होती. मागे स्टोव्हवर लहानशी कढई होती, तळाशी जेमतेम वाटीभर तेल, आणि कढईच्या पलीकडे, फडक्याने झाकायचा राहून गेलेला, आमचा तो डबा. तिने आमच्या तळलेल्या चकल्या पुन्हा तळल्या होत्या, वास यावा म्हणून. एकेक करून, हळूहळू, जेवढा वेळ पुरेल तेवढा. मी घास तोंडात घातला. कडू होता. जावई मात्र कौतुकाने खात होता. "आईंच्या हातच्या चकल्या एकदम कडक. आमच्या आईसाठी बी चार बांधून द्या." ती "हो" म्हणाली आणि डब्याकडे वळताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, विनवणीही नव्हती. फक्त मी काय करते हे ती पाहत होती. मी दुसरी चकली उचलली आणि तीही संपवली. खाटेवरच्या माणसाने मान वर केली नाही.

ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, इथे तरी पिशवी द्यावी. पण दारादारांत बायका उभ्या होत्या, आणि भरली पिशवी माझ्या हातातून तिच्या हातात जाताना सगळ्यांना दिसली असती. तीही पिशवीकडे बघत नव्हती. नुसतं हळूच म्हणाली, "ताई, चकली कडू लागनी का व?"

"नाही गं. खमंग झालीय."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि परत फिरली.

ते बेसन मी घरी आणलं आणि त्याचं काहीच करवेना. डबा फळीवर ठेवला, त्याला जाळी लागली, शेवटी टाकून दिलं. पुढच्या वर्षी मंडळात मी भांडले आणि कच्चा शिधा पुन्हा सुरू झाला, ज्याला जे हवं ते न्यावं असं ठरलं. ती काही न्यायला आली नाही. मी एकदा त्या गल्लीत जाऊन आले, तर तिथे ओरिसाकडची दोन मुलं राहत होती, त्यांना आधीच्या लोकांचं काहीच ठाऊक नव्हतं. गावी गेले असतील, दुसरीकडे काम लागलं असेल. तिच्या मुलीला सासरी कोणी काही ऐकवलं का, हे मला कधीच कळणार नाही. आपण किती दिलं याचा हिशेब माणसाला चटकन लागतो, पण दिलेल्याचं पुढे काय झालं हे कळायला त्याच्या घरात राहावं लागतं.

समोरच्या बिऱ्हाडातली भाजणी आता संपत आली असावी, वास विरत चालला आहे. माझीही भाजणी भिजली आहे. घरच्या चकल्यांना तोच सोऱ्या, तीच झिजलेली चकती, तेच टक्कल. पण मंडळाच्या चकल्यांसाठी मी बाजारातून नवी चकती आणली आहे, त्या दिवाळीपासून दरवर्षी तीच वापरते. तिच्यातून सगळ्या चकल्या सारख्या उतरतात, चारही अंगांनी काटेरी. कोणाच्या हातच्या ते सांगता येत नाही. ज्या घरात जातील, त्या घरच्या वाटतात.